'नाटकी फोटो' म्हणणाऱ्या कमेंटला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की क्रो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीचे हे जुने फोटो म्हणजे गोऱ्या फोटोग्राफरने चढवलेला नाटकी पोशाख, रंग उडालेले भकास चेहरे, आणि मी ते कौतुकाने शेअर करून तोच तमाशा पुढे चालवतेय, तर फोटो काढून टाक. राग समजतो हो, पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

एडवर्ड कर्टिस या गोऱ्या फोटोग्राफरबद्दल बोलत असाल तर पूर्ण मान्य. त्याने तर पिगन या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीच्या तंबूतल्या एका फोटोतून चक्क घड्याळ खोडून टाकलं, त्याला 'जुनेच' इंडियन, म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी, हवे होते ना. पण मी लावलेला मेडिसिन क्रो या क्रो प्रमुखाचा फोटो १८८०चा आहे, वॉशिंग्टनला चार्ल्स बेलच्या स्टुडिओत काढलेला. सहा क्रो प्रमुख तेव्हा तिथे का गेले होते? अमेरिकन सरकारला यलोस्टोन नदीच्या खोऱ्यातून रेल्वे न्यायची होती, आणि सरकारशी झालेल्या १८५१च्या तहात जवळपास ३ कोटी ८० लाख एकर असलेला त्यांचा मुलूख १८६८मध्येच ८० लाखांवर आला होता, म्हणजे ही माणसं हौसेने फोटो काढायला गेली नव्हती, उरलेल्या जमिनीसाठी भांडायला गेली होती आणि त्यासाठी आपला मानाचा पोशाख घालून बसली होती.

आणि तो पोशाख कुणीही उठून घालावा असा नसतो. शर्टाला लोंबणाऱ्या त्या अर्मिन नावाच्या छोट्या प्राण्याच्या पांढऱ्या कातड्याच्या पट्ट्या बघा, शत्रूच्या हातून बंदूक हिसकावून आणली असेल तरच त्या लावायचा हक्क. म्हणजे त्या माणसाचा सगळा पराक्रम अंगावरच लिहिलेला आहे, आपल्याला वाचता येत नाही एवढंच. वेंडी रेड स्टार या क्रो कलाकार बाईंनी २०१४मध्ये याच फोटोंवर लाल शाईने हे सगळं लिहून काढलं, कारण मेडिसिन क्रोचा चेहरा तोवर बाटलीबंद थंड चहाच्या बाटलीवरसुद्धा छापला गेला होता आणि तो कोण हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं. चीड यायची तर याची यावी!

भकासपणाचं म्हणाल तर त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर निळा रंग पांढराफटक उमटायचा आणि लाल जवळजवळ काळा. क्रो बायकांच्या मणीकामात फिकट निळा, गुलाबी, जांभळट असे रंग असतात, त्या प्लेटला ते दिसलेच नाहीत. आणि न हलता बसावं लागायचं म्हणून चेहरे ताठ, त्याच काळातल्या गोऱ्या साहेबांचे फोटो बघा, तेही तसेच आहेत.

तेव्हा फोटो काढून टाकणार नाही. या माणसांनी स्वतःहून जे अंगावर घालून दाखवलं त्याला नाटक म्हटलं की त्यांचं म्हणणंच आपण पुसतो, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वेळी रिचर्ड थ्रॉसेल या फोटोग्राफरचे फोटो टाकते, तो मूळचा क्री या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीच्या वंशाचा, १९०२मध्ये क्रो रिझर्वेशनवर, म्हणजे क्रो लोकांसाठी राखलेल्या जमिनीवर, आला आणि क्रो लोकांनी त्याला आपल्यात दत्तक घेतलं. ते बघा आणि मग बोलू.