‘फक्त लिंक्डइन ठेवा’ सांगणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

‘नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या पालकांनी वाचावे’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो आहे. लिहिणाऱ्याचे नाव नाही. ‘एका मोठ्या कंपनीतील एचआर’ एवढीच ओळख दिली आहे. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळावर सगळे खऱ्या नावाने असल्यामुळे तिथे फसवणूक होत नाही; आजकाल नोकऱ्या लिंक्डइनवरूनच मिळतात; ५०० कनेक्शन (तिथे जोडलेल्या ओळखी) पूर्ण झाली की कंपन्या स्वतःहून विचारतात; फेसबुक-इन्स्टाग्राम पाहून कंपन्या उमेदवार नाकारतात, म्हणून ती खाती बंद करावीत; आणि लिंक्डइन आपल्या माहितीचा व्यापार करत नाही. माझ्या बहिणीने हा संदेश तिच्या मुलीला पाठवला आणि नुकत्याच बी.कॉम. झालेल्या माझ्या भाचीने तो अक्षरशः पाळला. त्यानंतर जे घडले ते पाहून हे लिहिणे मला भाग पडले आहे.

सर्वांत घातक मुद्दा फसवणुकीचा आहे, म्हणून तोच आधी घेतो. लिंक्डइनवर खोटी खाती नसतात हे खुद्द लिंक्डइनदेखील म्हणत नाही. कंपनी दर सहा महिन्यांनी पारदर्शकता अहवाल प्रसिद्ध करते आणि २०२२च्या पहिल्या सहामाहीच्या अहवालानुसार तिने दोन कोटींहून अधिक खोटी खाती अडवली किंवा बंद केली. त्यांतली बहुतेक नोंदणीच्या वेळीच अडवली गेली हे खरे. पण एवढ्या प्रमाणावर प्रयत्न होतात, याचा अर्थ तिथे फसवणाऱ्यांना कमाई दिसते. ओळखपत्राने पडताळणी करून घेण्याची सोय आहे, मात्र ती ऐच्छिक आहे. शिवाय नावाची पडताळणी झाली म्हणजे तो माणूस सांगतो त्याच कंपनीत कामाला आहे, हे सिद्ध होत नाही.

भाचीला लिंक्डइनवर एका ‘रिक्रूटर’चा, म्हणजे नोकरभरती करणाऱ्याचा, मेसेज आला. प्रोफाइलवर नीटनेटका फोटो होता, नामांकित कंपनीचे नाव होते आणि ओळखीची म्हणता येतील अशी दोन-तीन कनेक्शनही होती. पुढचे बोलणे लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. मुलाखत झालीच नाही, फक्त एक फॉर्म भरून घेतला आणि संध्याकाळी ऑफर लेटर आले. ते पत्र मी नंतर नीट पाहिले. कंपनीचा लोगो पुसट होता, सहीखाली पदनाम होते पण नाव नव्हते, आणि ज्या ईमेलवरून ते आले होते त्यात कंपनीचे नाव ‘@’ या चिन्हाच्या आधी होते, नंतर जीमेल होते. लॅपटॉपसाठी ‘रिफंडेबल डिपॉझिट’ म्हणून साडेसात हजार रुपये यूपीआयने भरायचे होते. ते भरण्याआधी तिने वडिलांना विचारले म्हणून पैसे वाचले, परंतु आधार, पॅन आणि रद्द केलेला धनादेश यांच्या प्रती तोवर गेल्या होत्या. ‘तू खात्री का केली नाहीस,’ असे विचारल्यावर तिने उत्तर दिले, ‘मामा, लिंक्डइनवर तसे होत नाही असे आईनेच पाठवले होते ना.’ एरवी ही मुलगी अनोळखी नंबरवरून आलेला फोनसुद्धा उचलत नाही. तिची ही सावधगिरी त्या एका वाक्याने काढून घेतली, म्हणून मला त्याचा राग आहे.

ज्यांची कागदपत्रे अशी गेली असतील त्यांनी १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी, आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे आणि आपल्या पॅनवर कुणी कर्ज उचललेले नाही ना, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये अधूनमधून पाहत राहावे. यापुढे कुठे आधार द्यावेच लागले तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. आणि नोकरी देणारा पैसे मागत असेल, मग त्याला डिपॉझिट म्हणो, ट्रेनिंग फी म्हणो की व्हेरिफिकेशन चार्ज, तर बोलणे तिथेच थांबवावे.

आता नोकऱ्या फक्त लिंक्डइनवरूनच मिळतात या दाव्याकडे वळू. या विषयावर एक भक्कम अभ्यास उपलब्ध आहे आणि तो लिंक्डइनच्याच माहितीवर, लिंक्डइनमधल्या संशोधकांच्या सहभागाने झालेला आहे. सप्टेंबर २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या काळात दोन कोटी सदस्यांवर केलेल्या प्रयोगांत, ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ या सूचनांमध्ये फरक करून, कोणत्या प्रकारच्या ओळखींमुळे लोक नव्या नोकरीत जातात, हे तपासले गेले. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३मध्ये मांडले होते की नोकरीच्या कामी जिवलग माणसांपेक्षा जुजबी ओळखीची माणसे अधिक उपयोगी पडतात, कारण आपल्याला ठाऊक नसलेली माहिती त्यांच्याकडे असते. नव्या अभ्यासाने हे बव्हंशी खरे ठरवले, पण दोन महत्त्वाच्या दुरुस्त्या केल्या. सर्वाधिक उपयोग मध्यम विरळ ओळखींचा होतो, अगदीच नाममात्र ओळखींचा नाही. दुसरे म्हणजे जुजबी ओळखींचा हा फायदा डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत दिसतो. जे उद्योग तेवढे डिजिटल नाहीत तिथे घट्ट ओळखीच अधिक कामी येतात.

ही दुसरी दुरुस्ती पुण्यात राहणाऱ्याला फार समजावून सांगावी लागू नये. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत जायचे असेल तर लिंक्डइनचे प्रोफाइल नीट ठेवणे आवश्यकच आहे आणि तेवढ्यापुरता संदेश बरोबर आहे, हे मी मान्य करतो. पण भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान कारखान्याला सीएनसी ऑपरेटर हवा असतो तेव्हा गेटवर ‘ऑपरेटर पाहिजेत’ असा बोर्ड लागतो, सुपरवायझर आपल्या गावाकडच्या मुलांना फोन करतो आणि आयटीआयच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप जातो. भाचीला हवे असलेले अकाउंट्सचे काम सीएंच्या लहान कार्यालयांत असते आणि तिथेही पुष्कळदा ओळखीतूनच विचारणा होते. तिच्या कॉलेजच्या मुलींचा जो फेसबुक ग्रुप होता, ज्यावर अशा जागांची माहिती येत असे, तो तिने संदेश वाचून खाते हटवताना सोडून दिला. कोथरूडमध्ये घरून केक करणाऱ्या किंवा इंटिरिअरची लहान कामे घेणाऱ्या मुलीचे तर ग्राहकच इन्स्टाग्रामवर असतात. तिला ते बंद करायला सांगणे म्हणजे दुकानाला कुलूप लावायला सांगणे आहे.

५०० कनेक्शनच्या दाव्याला आधार नाही. लिंक्डइन त्या आकड्यापुढे नेमकी संख्या न दाखवता ‘५००+’ दाखवते, त्यावरून कुणीतरी हा समज काढलेला दिसतो. उलट आकडा गाठण्यासाठी दिसेल त्याला जोडत गेल्यास नाममात्र ओळखीच वाढतात, ज्यांचा उपयोग मर्यादित असल्याचे वरचा अभ्यास सांगतो. आणि भाचीकडे आलेल्या त्या ‘रिक्रूटर’ला विश्वासार्ह भासवणारी कनेक्शनही अशाच घाईतून तयार झालेली होती.

कंपन्या उमेदवारांची फेसबुक-इन्स्टाग्राम खाती पाहतात, हे मात्र नाइलाजाने अर्धे खरे म्हणावे लागेल. काही कंपन्या पाहतात, आणि सार्वजनिक ठेवलेली शिवीगाळ कुणाच्या नजरेस पडली तर तिचा परिणाम होणारच. परंतु त्यावरचा उपाय खाते बंद करणे हा नाही. फेसबुकने भारतात २०२०मध्ये प्रोफाइल लॉक करण्याची सोय आणली, जुन्या पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या मर्यादित करता येतात आणि इन्स्टाग्राम खाते खासगी ठेवता येते. एवढे केले तर अनोळखी माणसाला फारसे काही दिसत नाही.

माहितीच्या व्यापाराचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने ऑक्टोबर २०२४मध्ये लिंक्डइनला ३१ कोटी युरोंचा दंड ठोठावला, आणि तो सदस्यांच्या वर्तनाचे विश्लेषण करून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवण्यासंबंधी होता. फेसबुकला २०१९मध्ये अमेरिकेत झालेला पाच अब्ज डॉलरचा दंड याहून कितीतरी मोठा होता, पण म्हणून लिंक्डइन धुतल्या तांदळासारखे ठरत नाही.

ज्यांनी हा संदेश वाचून आपले फेसबुक खाते हटवले आहे त्यांनी एक गोष्ट लगेच करावी. हटवण्याची विनंती दिल्यापासून ३० दिवसांच्या आत पुन्हा लॉग इन केले तर ती रद्द करता येते. मुदत संपलेली नसेल तर आजच लॉग इन करून विनंती रद्द करावी, प्रोफाइल लॉक करावे, आणि कॉलेजच्या किंवा व्यवसायाच्या ग्रुपचे आपण अजून सदस्य आहोत की नाही हे तपासून घ्यावे.