सव्वाशे मिलिलिटरचं पुण्य

सोलापुरात माणूस सहसा उपाशी राहत नाही, आणि उपवास असला तर मुळीच नाही. एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, अकराला केळं, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचा चिवडा, दिवेलागणीला राजगिऱ्याची वडी आणि रात्री ‘आज जरा हलकंच’ म्हणत उरलेली खिचडी तुपावर परतून. हा सगळा बेत ज्याच्या भरवशावर आखलेला असतो, त्या पोटात सहज एक लिटर मावतं. आमच्यात सव्वाशे मिलिलिटर मावतं.

आम्ही म्हणजे वजनासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेतलेली जमात. आमच्यात दोन पंथ. स्लीव्हवाल्यांच्या जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढलेला असतो आणि केळ्याएवढी एक नळी ठेवलेली असते. तिच्यात १०० ते १५० मिलि मावतं. बायपासवाल्यांची जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिची थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडलेली असते. स्लीव्हमध्ये जो भाग काढतात, त्यातच भुकेचं संप्रेरक सगळ्यात जास्त तयार होतं. त्यामुळे निदान पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. न खाण्यात आता आमची काहीच तपश्चर्या नाही. आमची तपश्चर्या फराळ समोर आला की सुरू होते.

तशी व्रताची सवय आम्हाला ऑपरेशनच लावतं. पहिले एक-दोन दिवस निव्वळ पाण्यासारखं पातळ, मग साधारण दोन आठवडे दूध, ताक, डाळीचं गाळलेलं पाणी. त्यानंतर दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, पुढे मऊ आणि दोन महिन्यांच्या आसपास चारचौघांसारखं जेवण. एवढ्या कडक नेमानं चातुर्मासही कुणी पाळत नाही. पण याचं पुण्य पदरी पडत नाही, कारण हे देवासाठी नसून डॉक्टरांसाठी असतं, असा घरातल्या ज्येष्ठांचा निवाडा आहे. खरे उपवास पहिलं वर्ष-दीड वर्ष करूच नयेत. वजन भराभर उतरत असतं, शरीर आपलेच स्नायू खायला टपलेलं असतं आणि केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तसेही गळतात. त्यात नवरात्राचे नऊ दिवस घातले की कंगवा बघवत नाही.

आता साबुदाण्याकडे वळू. ज्यानं कुणी साबुदाणा उपवासाला चालतो असं ठरवलं, त्याच्या डोळ्यांपुढे आमचं पोट नक्कीच नव्हतं. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. बाकी जवळजवळ सगळा स्टार्च. आम्हाला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि जागा सव्वाशे मिलिची. त्या जागेत साबुदाणा घालायचा म्हणजे एसटीतली एकुलती एक रिकामी सीट रुमाल टाकून अडवायची आणि स्वतः उभ्यानं जायचं. शिवाय तो चावला जात नाही. चांगला भिजलेला मोकळा दाणा जिभेवरून घरंगळून अख्खाच खाली उतरतो, आत गेल्यावर बाकीचे दाणे त्याला चिकटतात आणि सगळा गोळा अरुंद वाटेवर ठाण मांडून बसतो. मग छातीच्या मधोमध दाटतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि ती थुंकायला मोरी गाठावी लागते. अशा वेळी शेजारचा माणूस हमखास पाण्याचा तांब्या पुढे करतो. ते पाणी अजिबात प्यायचं नाही. वाट बंद असताना वरून पाणी ओतलं तर ते आल्या वाटेनं परत येतं. खाणं थांबवायचं, ताठ बसायचं किंवा अंगणात सावकाश फेऱ्या मारायच्या. बहुतेक वेळा अर्ध्या तासात वाट मोकळी होते. नाहीच झाली आणि साधं पाणीही ठरेना, तर देवाला न विचारता दवाखाना गाठायचा.

खिचडी खायचीच असेल तर तिच्यातले दाणे खावेत. म्हणजे शेंगदाणे. सोलापूरकर इथे मुळातच नशीबवान आहे. दाण्याच्या कुटाशिवाय ज्याचा स्वयंपाक पुढे सरकत नाही, त्याला प्रथिनांसाठी परगावी जावं लागत नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं. तेलही भरपूर, म्हणून मूठभरच, सुमारे ३० ग्रॅम. त्यातून सात-साडेसात मिळाले. कूट बारीक हवं, दह्यात कालवलेलं. आपली शेंगाचटणी मात्र एकादशीला बाद, कारण लसूण. लसणाशिवाय, जिरं आणि तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटली तर ती उपवासाला चालते, फक्त चटणी आहे असं वाटत नाही.

हिशेब पुढे नेऊ. शंभर ग्रॅम पनीर, दोन बसण्यांत विभागून, १८ ग्रॅम. तीनशे मिलि दूध दिवसभरात मिळून नऊ-दहा. आणि राहिलेली मोठी खिंड लढवते ती व्हे पावडर, एका मापाला साधारण २४. ही पावडर बघितली की घरात कुजबुज सुरू होते, कारण डब्यावर दंड फुगवलेला पैलवान असतो. पण व्हे म्हणजे चीज करताना उरणारं दुधाचं पाणी, गाळून वाळवलेलं. दूध चालतं, दही चालतं, मग दुधाच्या पाण्यानं काय पाप केलंय? डब्याची मागची बाजू तेवढी वाचावी. बऱ्याच पावडरींत सोया लेसिथिन असतं आणि कडक उपवासवाले सोयाला डाळींच्या रांगेत बसवतात. बिनस्वादाची, त्यातल्या त्यात कमी घटकांची घ्यावी. आधी दोन चमचे थंड दुधात कालवून मग कोमट दूध घालावं. उकळत्या दुधात टाकली तर गुठळ्या होतात, आणि तो पेला संपवणं हे वेगळंच व्रत होऊन बसतं. एकूण बेरीज साठाच्या आसपास जाते. पोट भरलं की नाही हा प्रश्न आमच्याकडे गैरलागू आहे.

निर्जळी मात्र नाही म्हणजे नाही. हरतालिका असो, निर्जला एकादशी असो, मनातल्या मनात नमस्कार करून बाजूला व्हावं. याला कारण आहे. आम्हाला रोज दीड-दोन लिटर पाणी लागतं आणि ते घोटाघोटानं दिवसभर चालू ठेवावं लागतं. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास तेही बंद. सोलापूरकर नळाला पाणी आलं की पिंप, बादल्या, घागरी आणि सरतेशेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवतो, पण पोटात ही साठवण चालत नाही. दिवसभराचं राहिलेलं पाणी रात्री घटाघटा पिऊन भरून काढता येत नाही. आणि निर्जला येते ज्येष्ठात, जेव्हा इथली उन्हं अजून उतरायला तयार नसतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेच्या, दिवसांत थंडी असते म्हणून तहान जाणवत नाही, तेव्हा जास्त फसगत होते. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, सकाळचं बाहेर पडलेलं माणूस संध्याकाळपर्यंत ‘बोला हर्र’ करत उभं असतं आणि खांद्यावरच्या पिशवीतली बाटली भरलेली तशीच घरी परत येते. यात्रा भरते त्या होम मैदानावर सोडा प्यायचा नाही हे वेगळं सांगायला नको. वायूला आत जागा नाही.

या सगळ्यात शास्त्र आपल्या विरोधात आहे अशी समजूत असते. तसं ते नाही. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी फार पूर्वीच मोजून ठेवल्या आहेत: पाणी, मुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. यातलं पाणी, दूध आणि औषध आमच्या तक्त्यावर आधीपासूनच छापलेलं असतं. डॉक्टरांना गुरू मानलं की आठातले चार जमले. साबुदाणा ‘मुळं’ या सदराखाली आत शिरला असणार, कारण तो कंदाचाच करतात. पण त्याला आत घेणारे आपण, शास्त्राकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

शास्त्र सांभाळून घेतं, समाज सांभाळून घेत नाही. सत्यनारायणाचा शिरा सव्वाच्या मापानं होतो. रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. आमच्या दृष्टीनं ही पाककृती नसून सुरुंग आहे. साखर आणि तूप थैलीत न थांबता आतड्यात उतरतं, साखर रक्तातलं पाणी तिकडे ओढून घेते, आणि दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो, पुढचं सांगत नाही. बायपासवाल्यांना हे जास्त, स्लीव्हवाल्यांना कमी. याला डंपिंग म्हणतात. वेळेचं गणित असं, की पोथी संपल्यावर प्रसाद घेतला तर नेमकं निघताना, चपला शोधत असताना, ते गाठतं. उपाय एकच, आडवं होणं. आणि परक्याच्या घरी सतरंजीवर आडव्या झालेल्या माणसाभोवती जमणारी गर्दी कांदा घेऊन येते. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: साखर झपाट्यानं चढली म्हणून इन्शुलिन जास्त सुटतं, मग साखर धाडकन खाली, हातपाय थरथर. दिवसभर उपाशी राहून प्रसादानं उपवास सोडणं म्हणूनच सगळ्यात वाईट. आधी पनीरचे दोन-तीन तुकडे किंवा वाटीभर दही, मग प्रसाद, आणि प्रसाद शेंगदाण्याएवढा. प्रसाद कणभरच घ्यायचा असतो ही जुनी शिकवण आहेच. द्रोण भरून द्यायची पद्धत नंतरची.

पण द्रोण भरणाऱ्या हाताला हे कोण सांगणार?

“एवढंच होय? घ्या की वो, देवाचं हाय.”

“ऑपरेशन झालंय वैनी, चालत नाही.”

“अवो, एका घासानं काय हुतंय? परसादाला न्हाई म्हणू नये बघा.”

इथे वैद्यकीय स्पष्टीकरण देणं फुकट जातं. थैली, आतडं, इन्शुलिन असं सांगत गेलो की समोरच्या माणसाला आपल्या मेव्हण्याच्या मूतखड्याची आठवण होते आणि तोवर दुसरा द्रोण येतो. चालणारी युक्ती एकच: प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा, कण तोंडात टाकायचा आणि ‘घरच्यांना नेतो’ म्हणत रुमालात बांधायचा. घरी नेणाऱ्याचा सोलापुरात कधीच अपमान होत नाही. उलट आणखी एक पुडी मिळते. तीर्थ मात्र निर्धास्त घ्यावं, पळीभर पंचामृतानं काही बिघडत नाही.

पंगतीत कसोटी वेगळी. अक्कलकोटला किंवा तुळजापूरला गेलं आणि महाप्रसादाला बसलं की अडचण प्रमाणाची नसते, वेगाची असते. आम्हाला एका जेवणाला वीस ते तीस मिनिटं लागतात, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावून. पंगत त्याआधीच उठते आणि पानात टाकणं पाप. वाढपी वाकण्याआधीच पानावर हात आडवा धरावा. वाढून झाल्यावर ‘पुरे’ म्हणणं ही सोलापुरात आणखी वाढायची खूण समजतात. आधी वरण-आमटी, मग जमलं तर भाजी, भात शेवटी, गोड नाहीच. बरोबर घरचं माणूस शेजारी बसवावं, ज्याच्या पानात आपलं गोड सरकवता येईल. ते माणूस बसताना फार खूश असतं.

संकष्टीचं काय? चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास, आणि जेवून लगेच आडवं झालं तर स्लीव्हवाल्यांच्या घशाशी आंबट येतं. दोन-तीन तास बसून राहावं तर मध्यरात्र होते. म्हणून सगळी प्रथिनं उजेडीच उरकावीत आणि चंद्राला ओवाळून झाल्यावर मोदकाच्या कळीएवढा तुकडा घ्यावा. गणपतीला एकवीस, आम्हाला एकविसावा हिस्सा.

गोळ्यांचा विषय निघाला की सोवळ्यातली माणसं दचकतात, आणि त्यांचं दचकणं रास्त आहे. जीवनसत्त्वांच्या मऊ कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. डी-३ बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात. सक्त शाकाहारी घरात, आणि सोलापुरात ती पुष्कळ आहेत, चघळायच्या गोळ्या किंवा वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल मागून घ्याव्यात. पूरक आहाराच्या डब्यावर हिरवा ठिपका शोधावा. पण उपवास आहे म्हणून गोळी चुकवू नये. औषध आठांच्या यादीत आहेच. बी-१२ आणि लोह कमी पडलं की ते वर्षभर चोरपावलांनी कमी पडतं आणि मग एकदम दमवतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाच्या दिवशीचा डोस आधी विचारूनच.

द्वादशीला पारणं. पारण्याला पुरणपोळी नको. मऊ पोळीचासुद्धा आत गिळगिळीत गोळा होतो. त्यापेक्षा आपली कडक भाकरी चतकोर घ्यावी, ती दाताखाली पीठ होते आणि निमूट खाली उतरते. सोबत दही आणि आता लसूण घातलेली, खरीखुरी शेंगाचटणी. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत. आणि लोहाच्या आगेमागे चहा नको, तो लोह शोषू देत नाही. म्हणजे ज्या चहावर अख्खी एकादशी निभावली, तो उपवास सुटल्यावर बंद. हे घरात समजावून सांगेपर्यंत चहा गार होतो, आणि मग तो गरम करून दुसरं कुणीतरी पितं.