खुलासा : १५ मिनिटांत घटस्फोटाचं भाकीत?
निपाणी-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय : ‘नवरा-बायकोचं १५ मिनिटांचं बोलणं ऐकून घटस्फोट ९० टक्के अचूक सांगता येतो.’

मूळ काम अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचं. जोडप्यांच्या वादाचं चित्रण, चेहऱ्यावरच्या भावांच्या नोंदी, सगळं खरं. गोम गणितात आहे. कोण वेगळं झालं हे कळल्यावर त्याच जोडप्यांवर भाकिताचं सूत्र बसवलं. म्हणजे पेपर फुटल्यावरचे गुण. २००१ मध्ये हेमन आणि स्लेप या संशोधकांनी असंच सूत्र निराळ्या जोडप्यांना लावलं, तर भाकीत बरंच घसरलं. शिवाय १०० पैकी १० संसार मोडणार असतील, तर ‘एकही मोडणार नाही’ म्हणणाराही ९० टक्के बरोबरच!

तेव्हा मोबाइलवर भांडण रेकॉर्ड करून गुण देत बसू नका. ताण असह्य झाला तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, तिथं मराठीतही बोलता येतं. बाईला मारहाण होत असेल तर आधी महिला हेल्पलाइन १८१.