फ्रँकोच्या राज्यात बायका ‘निर्धास्त’ होत्या म्हणे!

परवा माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीने नागपूरहून एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिचा प्रश्न होता, "मावशी, असा माणूस आपल्याकडे का नाही?" तो वाचल्यापासून मला चैन नाही.

मजकूर असा: स्पेनच्या जनरल फ्रँकोने ३६ वर्षं खंबीर राज्य केलं, देशाला महायुद्धापासून वाचवलं, कामगारांना पेन्शन दिली, गरिबी हटवली, फक्त देशद्रोह्यांना शिक्षा केली. बायका मध्यरात्रीही निर्धास्त फिरत. लोकशाहीही त्यानेच आणली.

बायकांपासूनच सुरुवात करते, कारण हा मजकूर एका मुलीच्या हाती पडला आहे. फ्रँकोने १९४४ साली दंडसंहितेत कलम ४२८ परत आणलं. बायकोला परपुरुषाबरोबर पकडून नवऱ्याने तिथल्या तिथे तिचा जीव घेतला, तर त्याला शिक्षा काय? काही काळ गावाबाहेर राहायचं. नुसती किरकोळ जखमी केली तर तीही नाही. घरात राहणाऱ्या तेवीस वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत बापालाही हीच सवलत. फ्रँकोच्या आधीच्या प्रजासत्ताक सरकारने १९३२ मध्ये हे रद्द केलं होतं, फ्रँकोने ते पुन्हा जिवंत केलं आणि १९६३ पर्यंत चालू ठेवलं. हे कुणाचं मत नाही, कायद्याचा मजकूर आहे.

लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायला, बँकेत खातं उघडायला नवऱ्याची परवानगी लागे. मारिया तेलो या वकील बाईंनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा मे १९७५ मध्ये ती अट गेली. अविवाहित मुलीला पंचविसाव्या वर्षापर्यंत आईबापांच्या संमतीशिवाय घर सोडता येत नसे, मुख्य अपवाद दोन: लग्न किंवा मठ. ही अट १९७२ पर्यंत होती. ‘बिघडण्याची शक्यता’ असलेल्या मुलींना डांबून ठेवणारी एक सरकारी संस्थाच होती. माझ्या भाचीचं स्वतःचं खातं आहे, ती एकटी वसतिगृहात राहते. तिला कोणता निर्धास्तपणा विकला जातोय?

‘फक्त देशद्रोही’ हा दावाही तसाच. फेब्रुवारी १९३९ च्या कायद्याने ऑक्टोबर १९३४ पासूनची राजकीय कामं मागे जाऊन गुन्हा ठरवली. ५ ऑगस्ट १९३९ ला माद्रिदमध्ये तेरा तरुणींना गोळ्या घातल्या, त्यातल्या काही माझ्या भाचीच्याच वयाच्या होत्या. आणि ती ज्या शहरात शिकते, त्याच नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार स्पेनच्या यादवी युद्धात ‘जॉन स्मिथ’ या नावाने फ्रँकोविरुद्ध, प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला गेले होते. पकडले गेल्यावर ते बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्याच्या छावणीत होते. तिथे कैद्यांवर ‘लाल’, म्हणजे डावा, विचार हा मानसिक दोष आहे हे सिद्ध करण्यासाठी चाचण्या चालत.

महायुद्धाचं अर्धं खरं आहे: स्पेन अधिकृतपणे उतरला नाही. पण ऑक्टोबर १९४० मध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या आंदाई गावी हिटलरशी झालेल्या भेटीत फ्रँकोने युद्धात उतरण्याचा मोबदला म्हणून फ्रेंच मोरोक्को मागितला, आणि हिटलरला तो सौदा परवडेना. पुढे रशियाच्या आघाडीवर जर्मनीच्या बाजूने सुमारे ४५ हजार स्पॅनिश सैनिक गेलेच.

पेन्शन? सक्तीची वृद्धापकाळ योजना १९१९ चीच. १९६३ च्या कायद्याने व्यवस्था एकत्र बांधली, एवढं मान्य करते. साठच्या दशकातली भरभराटही खरी. पण त्याआधी १९५२ पर्यंत लोक रेशनकार्डावर जगले, आणि भरभराटीला परदेशी पर्यटक आणि फ्रान्स-जर्मनीत राबणाऱ्या लाखो स्पॅनिश मजुरांनी घरी पाठवलेला पैसा लागला.

राहिली लोकशाही. १९६९ मध्ये फ्रँकोने राजघराण्यातल्या हुआन कार्लोसला वारस नेमलं ते हीच राजवट पुढे चालावी म्हणून. २७ सप्टेंबर १९७५ ला त्याच्या सरकारने पाच जणांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, २० नोव्हेंबरला, तो अंथरुणात मेला. मोकळी निवडणूक झाली ती त्यानंतर, जून १९७७ मध्ये.