‘काच चार बोटे खाली ठेवा’: हॉटेलचे पैसे वाचवू पाहणाऱ्या एका संदेशाला उत्तर

पाळीव प्राण्यांना प्रवेश देणाऱ्या हॉटेलांविषयीचा एक लांबलचक संदेश सध्या या गटातून त्या गटात फिरत आहे. शहरांतली अशी हॉटेले म्हणजे निव्वळ लुबाडणूक असून, थोडी हुशारी दाखवली तर कुत्रा-मांजर बरोबर असतानाही एक पैसा जास्त न देता कोणत्याही हॉटेलात राहता येते, असा त्याचा एकूण सूर आहे. ही हुशारी दाखवायची कशी, याचे सल्लेही त्यात दिले आहेत. प्राणी बरोबर असल्याचे सांगू नका, बॅगेतून गुपचूप खोलीत न्या. ते जमत नसेल तर रात्री आणि शहर बघायला जाताना त्याला गाडीत ठेवा, काच चार बोटे खाली असली की पुरते. निघण्यापूर्वी झोपेची गोळी द्या. मांजर असेल तर बाल्कनीत सोडा. ‘सहायक प्राणी’ असे लिहिलेले जाकीट मागवून घ्या. आणि मुद्दाम प्राण्यांसाठी चालवलेल्या हॉटेलांत तर पाऊलही टाकू नका, कारण तिथे ढेकूण आणि गोचिडी असतात. एरवी असा मजकूर मी न वाचताच पुसून टाकला असता. पण तो माझ्या मावशीने पाठवला आणि खाली अगदी मनापासून विचारले की, आपल्या पग जातीच्या कुत्र्याला किती गोळी चालेल. त्यामुळे सविस्तर लिहिणे भाग आहे, आणि लिहिताना संयम सुटला तर तो दोष मी संदेशाच्या अज्ञात लेखकाच्या पदरात घालतो.

सुरुवात गाडीपासून करतो, कारण हा सल्ला सरळसरळ जीवघेणा आहे. २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात मॅक्लॅरेन, नल आणि क्विन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आतले तापमान त्यांनी १६ वेगवेगळ्या दिवशी मोजले. बाहेरचे तापमान त्या दिवसांत साधारण २२ ते ३६ अंश सेल्सियस होते. तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झालेली होती. बाहेर जेमतेम २२ अंश, म्हणजे अंगावर हलकी शाल घ्यावीशी वाटेल अशी हवा असतानाही आतला पारा ४७ अंशांपर्यंत गेला. राहिला प्रश्न काचेचा. काचा पूर्ण बंद असताना दर पाच मिनिटांना सुमारे १.९ अंशांची भर पडत होती. काचा थोड्या उघड्या ठेवल्यावर ती १.७ अंश झाली. संदेशातल्या त्या चार बोटांची कमाई काय ती एवढीच. हा अभ्यास लहान मुलांच्या संदर्भात केला होता हे खरे, पण आत कोण बसले आहे याची चौकशी करून गाडी तापत नाही.

यावर ‘रात्री कुठे ऊन असते’ किंवा ‘हॉटेलच्या तळघरातले पार्किंग थंड असते’ असे उत्तर येईल, आणि संदेशात ते आलेलेही आहे. सावलीत गाडी सावकाश तापते, हे मी नाकारत नाही. मात्र कुत्र्याचे शरीर थंड होते कसे, हे पाहिले म्हणजे या युक्तिवादाचे मोल कळते. कुत्र्याला घाम पंजांच्या गाद्यांवर थोडाफार येतो, तेवढाच. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. तोंडातला आणि श्वासमार्गातला ओलावा हवेत उडून जातो आणि त्यासोबत उष्णता जाते. बंद गाडीत तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेतली जाते, ती दमट होत जाते, आणि ओलावा उडण्याचे प्रमाण घटत जाते. म्हणजे कुत्रा जितका घाबरून धापा टाकील, तितका त्याचा हा मुख्य मार्ग बंद होत जातो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघात समजावा, आणि त्यानंतर मूत्रपिंडे, यकृत, रक्त गोठण्याची क्रिया, मेंदू असे एकेक बिघडू लागते. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींची नाकपुडी मुळातच अरुंद आणि टाळूचा मागचा भाग लांबलेला असतो, त्यामुळे साध्या जिन्यावरही त्यांना दम लागतो. मावशीचा कुत्रा नेमका याच जातीचा आहे. शिवाय अनोळखी शहरातल्या पार्किंगमध्ये रात्रभर पाण्याविना एकटा कोंडलेला प्राणी भुंकणार, काच खरवडणार, आणि मालक सातव्या मजल्यावर झोपलेला असल्याने हे कोणाला कळणारही नाही.

आता याच प्राण्याला वरून गोळी देण्याचा सल्ला वाचा. संदेशात ‘माणसांची झोपेची गोळी अर्धी, किंवा खोकल्याचे औषध एक चमचा’ असे प्रमाण बिनदिक्कत दिले आहे. वजन, वय, जात यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. खोकल्याच्या आणि सर्दीच्या अनेक औषधांत पॅरासिटामॉल असते, आणि मांजराच्या यकृताला ते पचवता येत नसल्यामुळे एकच गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. साखरविरहित औषधांत झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य असू शकते. माणसाला ते निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने खाली येते. प्राण्यांसाठीच बनवलेली गुंगीची औषधेही घरच्या घरी द्यायची नसतात. अ‍ॅसेप्रोमॅझीन हे त्यांतले जुने आणि परिचित नाव. त्याने प्राणी निपचित पडतो, पण त्याची भीती जात नाही. कळते सगळे, हलता येत नाही, अशी त्याची अवस्था होते. रक्तदाब खाली येतो आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमताही मंदावते. अशा अवस्थेतला कुत्रा गाडीत ठेवायचा, म्हणजे धापा टाकण्याचा जो उपाय त्याच्याकडे उरला होता तोही काढून घ्यायचा. हे दोन सल्ले एकाखाली एक लिहिताना लेखकाला काहीच कसे वाटले नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. प्रवासाला खरोखरच घाबरणाऱ्या प्राण्यांसाठी पशुवैद्य कुत्र्याला ट्राझोडोन, मांजराला गॅबापेन्टिन अशी औषधे लिहून देतात; ती वजन पाहून दिली जातात आणि प्रवासाच्या आधी घरी एकदा देऊन परिणाम पाहिला जातो. मावशीच्या प्रश्नाचे उत्तर तेवढेच: प्रमाण पशुवैद्य ठरवील, आणि पगच्या बाबतीत तो बहुधा आधी त्याचा श्वास तपासून बघेल.

प्राणी लपवून नेण्याच्या सल्ल्यात जीव जात नसेल, पण भुर्दंड दुसऱ्यांना पडतो. अ‍ॅलर्जीला कारण प्राण्याचे केस असतात असा समज आहे आणि म्हणून संदेशात ‘केस न गळणारी जात असेल तर कोणाला कळणारही नाही’ असे म्हटले आहे. प्रत्यक्षात त्रास देतात ती लाळेतली आणि त्वचेतली प्रथिने. कुत्र्याचे ‘कॅन एफ १’ आणि मांजराचे ‘फेल डी १’ ही त्यांतली प्रमुख. अ‍ॅलर्जी न करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जाती पाळणाऱ्या घरांतही कुत्र्याचे प्रथिन इतर घरांइतकेच आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत दिसले आहे. मांजराचे प्रथिन तर गालिचा आणि गाद्यांत कित्येक आठवडे, कधी काही महिनेही टिकून राहते. प्राण्यांसाठी ठरावीक खोल्या किंवा ठरावीक मजला राखून ठेवण्याची पद्धत यासाठीच आहे, की दम्याच्या रुग्णाला न्यायची ती खोली वेगळी राहावी. तुम्ही लपवून नेलेल्या मांजराची नोंद कुठेच नसते. पुढचा पाहुणा मात्र त्याच उशीवर डोके ठेवतो.

त्याहून तातडीचा प्रश्न सफाई कर्मचाऱ्यांचा आहे. खोली रिकामी आहे अशा समजुतीने एक बाई दार उघडते, ट्रॉली उंबऱ्याशी अडकवते, आणि आत अनोळखी जागेत घाबरलेला कुत्रा तिच्यासमोर उभा असतो. तो चावला तर चूक कोणाची? मांजर असेल तर ते त्याच क्षणी ट्रॉलीखालून निसटून कॉरिडॉरमध्ये जाते, नाहीतर पलंगाच्या खालच्या कापडाला असलेल्या फटीतून आतल्या पोकळीत शिरून बसते आणि खोली सोडायची वेळ झाली तरी बाहेर येत नाही. प्राण्याची नोंद असलेल्या खोलीच्या बाबतीत, प्राणी आत असेपर्यंत सफाईला कोणी येणार नाही, असे ठरवून घेता येते. आग लागल्याचा इशारा वाजला, तर आत एक जीव आहे हेही कोणाला तरी माहीत असते.

मांजराला बाल्कनीत सोडण्याच्या सल्ल्यामागे ‘मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उतरते’ हा जुना समज आहे. त्याला आधार म्हणून न्यूयॉर्कच्या एका अभ्यासाचा मोघम उल्लेखही संदेशात केला आहे. तो अभ्यास खरा आहे: उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती १९८७ मध्ये अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली आणि उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचली होती. पण ती सगळी मांजरे रुग्णालयात आणलेली होती. जी खालीच मेली, त्यांना कोण कशाला रुग्णालयात नेणार? आणि जी वाचली, त्यांच्यातही छातीच्या दुखापती, फाटलेली टाळू आणि मोडलेले पाय होतेच. वाचणे आणि धड राहणे यांतला फरक लेखकाने सोयीस्करपणे गाळला आहे.

जाकिटाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अमेरिकेच्या अपंगत्वविषयक कायद्यात अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम करण्याचे प्रशिक्षण दिलेला कुत्राच सहायक मानला जातो, केवळ मानसिक आधार देणारा प्राणी त्यात बसत नाही, आणि जाकीट किंवा नोंदणीपत्र त्या कायद्याने मागितलेलेच नसल्यामुळे ते दाखवून काहीच सिद्ध होत नाही. खोट्या जाकिटांमुळे संशयाने पाहिले जाते ते मात्र ज्या अंध माणसाला कुत्र्यावाचून पाऊल टाकता येत नाही, त्याच्याकडे.

ढेकूण आणि गोचिडी यांची जोडी संदेशाने विचार न करता लावली आहे. ढेकूण मुख्यतः माणसाच्या रक्तावर जगतात आणि सामानातून, कपड्यांतून प्रवास करतात. प्राण्यांना प्रवेश नसलेल्या हॉटेलातही ते तेवढ्याच सहजतेने पोचतात. गोचिडीबाबत मात्र थोडे तथ्य आहे. कुत्र्यावर आढळणारी तपकिरी गोचीड आपले सगळे जीवनचक्र घराच्या आत पूर्ण करू शकते, त्यामुळे निष्काळजी हॉटेलात तिचा उपद्रव होऊ शकतो. त्यावरचा उपाय म्हणजे प्रवासापूर्वी कुत्र्याला गोचीडप्रतिबंधक औषध देणे आणि रोज संध्याकाळी त्याचे कान, बोटांमधली जागा व पट्ट्याखालची कातडी बोटांनी चाचपून पाहणे.

शुल्काच्या बाबतीत लेखकाची तक्रार अगदीच निराधार नाही, हे नाइलाजाने कबूल करावे लागते. कोणी शुल्क प्रत्येक रात्रीचे लावते, कोणी संपूर्ण मुक्कामाचे, कोणी दर प्राण्यामागे. कोणाचे ते परत मिळणारे डिपॉझिट असते, कोणाचे सफाईच्या नावाखाली कायमचे जाते. आणि बुकिंगच्या पानावर पंजाचे चित्र पाहून गेलेल्या माणसाला रिसेप्शनवर पोचल्यावर वजनाची मर्यादा सांगितली जाते. हा संताप मी समजू शकतो. तो बुकिंगच्या आधी फोनवर काढावा. शुल्क कशाचे आणि परत मिळते की नाही, वजनाची आणि जातीची अट काय, कोणती खोली मिळेल, खिडक्या व बाल्कनी बंद होतात का, प्राण्याला खोलीत एकटे ठेवू देतात का, देत नसतील तर तासा-दोन तासांसाठी सांभाळणारे कोणी जवळपास आहे का, आणि रात्री उघडा असलेला पशुवैद्यकीय दवाखाना किती अंतरावर आहे, हे विचारून उत्तरे ईमेलवर मागवावीत. चांगले हॉटेल ती त्याच दिवशी पाठवते. टाळाटाळ करणाऱ्या हॉटेलात, दर कितीही कमी असला तरी, मावशीने खोली घेऊ नये.