दोन तोंडांचं पायंडल

मी पडलो तेव्हा सायकलचा वेग शून्य होता. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक पडतात ते उतारावर, वळणावर, वाळूवरून घसरून. मी नळ स्टॉपच्या सिग्नलला नियमाप्रमाणे थांबलो, ब्रेक नीट दाबले आणि थांबून झाल्यावर, शेवटचा घाव बसलेल्या झाडासारखा सावकाश डावीकडे कललो. कलताना एका स्कूटरवाल्या बाईंशी नजरानजरसुद्धा झाली.

दोघांनी उचललं. त्यातल्या एका काकांनी उचलता उचलताच चौकशी सुरू केली.

"पाय का नाही टाकला?"

"अडकला होता."

"कशात?"

"पायंडलात."

"मग काढायचा!"

यावर उत्तर नव्हतं. सिग्नल सुटला.

झालं असं, की आमच्या घरात सायकल एक आणि चालवणारे दोन. सायकल मुलीची. ती बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करते, म्हणजे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पुरे करायचे आणि पुन्हा त्याचे पैसेही आपणच भरायचे. सोमवार ते शुक्रवार ती नोकरीपायी मुंबईत असते आणि सायकल पुण्यात भिंतीला टेकून असते. डॉक्टरांनी माझ्या साखरेचा आकडा पाहून "काहीतरी चालवा" म्हटलं आणि बायकोने भिंतीकडे बोट दाखवलं.

मी सायकल शिकलो ती आठ आणे तासाच्या भाड्याच्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून. तिची पायंडलं म्हणजे रबराच्या दोन वड्या. वड्या झिजून पडल्या की नुसत्या लोखंडी दांडीवर पाय ठेवायचा. पायंडल 'निवडायचं' असतं हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

मुलीच्या सायकलला होतं एसपीडी. वापरून संपत आलेल्या साबणाच्या वडीएवढा लोखंडी तुकडा, त्याला स्प्रिंग. बुटाच्या तळव्याला दोन स्क्रूंनी एक पत्रा बसवतात, क्लीट म्हणतात त्याला. तो त्या तुकड्यात 'टक्' करून बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. या प्रकाराला म्हणायचं 'क्लिपलेस'. पाय अडकतो, तरी क्लिपलेस! त्याचं कारण असं, की आधी शर्यतवाले पाय पिंजऱ्यात घालून वर पट्टा आवळत, त्या पिंजऱ्याला क्लिप म्हणत. पुढे स्कीइंगचे बूट जखडणारी साधनं बनवणाऱ्या लूक नावाच्या फ्रेंच कंपनीने तीच युक्ती सायकलला लावली. 1985 साली बर्नार्ड इनोने अशा पायंडलांवर टूर द फ्रान्स जिंकली आणि पिंजरा गेला. गेलेल्या वस्तूवरून नाव ठेवायची ही रीत मला विधवेला जुन्या नवऱ्याच्या नावाने हाक मारण्यासारखी वाटते. पण ते असो.

त्या साबणवडीवरून माझी चप्पल दोन दिवसांत सात वेळा सटकली. मुलीला फोन केला.

"बाबा, तू चपला घालून एसपीडी चालवतोयस?"

"भाजी आणायला बूट घालू?"

शनिवारी तिने मला बूट घेऊन दिले. तळव्यात खोलगट जागा असते, पत्रा आत राहतो, त्यामुळे चालता येतं. येतं म्हणजे, जिन्यातल्या शहाबादी फरशीवर 'टॉक टॉक' असा आवाज येतो आणि तळमजल्यावरच्या आजी "घोडं आलं का?" असं आतून विचारतात. पार्किंगमध्ये भिंतीला धरून तालीम झाली. मुलगी पीटीच्या बाईंसारखी ओरडत होती, "टाच बाहेर! टाच बाहेर!" स्प्रिंग तिने अगदी सैल केली. पत्रासुद्धा कुठल्याही दिशेला पाय वाकडा केला की सुटेल असा नवशिक्यांचा लावला. भिंतीपाशी मी उत्तम होतो. फक्त थांबायचं ठरलं की थांबायच्या आधी पाय सोडवायचा असतो, आणि आपण कधी थांबणार हे पुण्यात आपण ठरवत नसतो. ते कुत्रं ठरवतं, रिक्षावाला ठरवतो, उलट्या बाजूने येणारा ठरवतो. सिग्नलला मात्र मीच ठरवलं होतं, तरी विसरलो.

मग दुसरा तोडगा. दर रविवारी रात्री तिची पायंडलं काढायची, माझी साधी लावायची, शुक्रवारी उलट. पायंडल आणि ते ज्यात बसतं तो दांडा, म्हणजे क्रँक, यांच्यामधल्या फटीत घरचा जाड पाना शिरत नाही, म्हणून पंधरा नंबरचा खास पातळ पाना आणला. उजवं पायंडल निघालं. डावं निघेना. वीस मिनिटं मी सगळा जीव लावून ते सोडवत होतो. बायको चहा घेऊन आली, बघत उभी राहिली.

"अहो, पायच ठेवायचेत ना त्यावर?"

दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत दुकानात नेली. पोऱ्याने पान्याला हातभर नळी अडकवली, माझ्या अगदी विरुद्ध दिशेला दाबली. कर्रर्र.

"काका, डावीकडचे आटे उलटे असतात. तुम्ही सोडवत नव्हता, आवळत होता."

उलटे का, तर दोन्हीकडे सारखे आटे असते तर डावं पायंडल मारता मारता आपोआप सैल होत गेलं असतं. म्हणजे चालवणाऱ्याच्या भल्यासाठीच. पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंची सुटतात, हेही त्याने दाखवलं. शिवाय पायंडलाच्या दांडीवर एल आणि आर असं कोरलेलं असतं, तेही दाखवलं. जरा जास्तच जवळ आणून दाखवलं. आणि बजावलं, की क्रँक ॲल्युमिनियमचा आहे, आठवड्यातून दोनदा हे असलं कराल तर आटे जातील आणि मग क्रँकच बदलावा लागेल.

"मग दोघांना चालेल असं काही?"

त्याने काउंटरखालून खोकं काढलं. एका बाजूला सपाट, पकडीसाठी बारीक खिळे. दुसऱ्या बाजूला एसपीडी. मला सपाट, मुलीला स्प्रिंग. किंमत ऐकून मी दोन मिनिटं पंपांकडे बघत राहिलो, पण घेतलं. संसारात इतकी वर्षं जे जमलं नाही ते एका खोक्यात मिळत होतं.

आता पायंडल गोल फिरतं ही गोष्ट दुकानात कुणी बोललं नव्हतं. सिग्नल सुटतो, मी चपलेचा पाय ठेवतो, खाली स्प्रिंग. पंजाने उलटवायला जावं तर ते पूर्ण फिरून पुन्हा स्प्रिंगच वर. मागे पीएमपीची बस हॉर्न देते. तिसऱ्या फेरीला खिळे वर येतात ते नडगीवर. तिथे आता ठिपक्यांची रांगोळी आहे. माझी खात्री होती, की हे पायंडल मुलीच्या बाजूचं आहे.

रविवारी ती सिंहगडावरून घामाघूम परतली आणि बूट फेकून म्हणाली, "बाबा, हे पायंडल तुझ्या बाजूचं आहे. चढावर जरा पाय काढला की दरवेळी सपाटच वर!"

पार्किंगमध्ये खाली बसून आम्ही दोघांनी ते बोटाने फिरवून पाहिलं. तिने फिरवलं, सपाट. मी फिरवलं, स्प्रिंग. दहा वेळा केलं. तळमजल्यावरच्या आजीही बाहेर येऊन बघून गेल्या.

माझी जुनी साधी पायंडलं बायकोने बाल्कनीच्या दाराला अडवण म्हणून लावली आहेत. वाऱ्याने दार आपटत नाही. घरात सध्या तेवढी एकच जोडी आहे, जी कशीही ठेवली तरी चालते.