बिडाच्या कढईतले पिठले

बिडाची कढई विकत घेणाऱ्या माणसाला दुकानदाराने किंमत सांगण्याआधी कंबर कशी आहे ते विचारले पाहिजे. कोल्हापूर हे ओतकामाचे गाव, तेव्हा कढई तिथूनच आणायची असा हट्ट मी धरला आणि ८ किलोंचे ते काळे प्रकरण एसटीने मांडीवर घेऊन पुण्याला आणले. मग तीन दिवस ती भाताच्या पेजेत भिजली, तिला तेल चोपडले, तिच्यात कांदा परतून परतून फेकून दिला. दिवाळसणालाही माझे इतके लाड झाले नव्हते.

तिच्या उद्घाटनाचे पिठले भोरजवळ मेव्हण्याच्या शेतावर करायचे ठरले. तीन दगड मांडले. गोल बुडाची कढई त्यांपैकी दोहोंशी गोडीने वागते आणि तिसऱ्याशी वैर धरते. लाकडे बाभळीची, म्हणजे उत्तम, पण आदल्या दिवशीच्या पावसात भिजलेली. बीड साधारण १२०० अंश सेल्सिअसला वितळते असे मी वाचले होते, त्यामुळे कढईची काळजी नव्हती. पाऊण तास फुंकणी फुंकूनही मोहरी तडतडेना, तेव्हा स्वतःच्या फुप्फुसांची वाटू लागली.

बीड सावकाश तापते आणि सावकाशच निवते, हे मी घरी सर्वांना अभिमानाने ऐकवले होते. त्यातल्या उत्तरार्धाचा अर्थ मोहरी एकदाची तडतडली आणि लसूण डोळ्यांदेखत कोळसा झाला तेव्हा कळू लागला. घाईने पाणी ओतले, बेसन वैरले, पिठले रटरटू लागले. मी लाकडे मागे ओढली, तरी ते रटरटतच राहिले. मेव्हण्याने आणि मी गोणपाटाने धरून कढई जमिनीवर उतरवली, तर तिथेही तिने माझ्या मनगटाचा नेम धरून थेंब उडवले.

“अहो, विस्तव तिकडे राहिला, मग हे कुणाच्या जिवावर उकळतंय?” बायकोने विचारले.

उत्तरादाखल मी कढईवर ओतायला गार पाण्याचा तांब्या उचलला, तोच सासूबाई कडाडल्या, “जावईबापू, बीड आहे ते, तडकेल!” बिडात दोन टक्क्यांहून अधिक कार्बन असल्यामुळे ते ठिसूळ असते, हे मी पुस्तकात वाचले होते आणि विसरलो होतो, सासूबाईंनी ते वाचलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या ते पक्के लक्षात होते.

पिठल्याची शेवटी वडी झाली. बुडाशी मात्र अशी खमंग खरपुडी धरली होती की मी धुराने लाल झालेले डोळे धुऊन येईपर्यंत उलथन्याचा आवाजसुद्धा थांबला होता.

रात्री निघतानाही कढई कोमट होती. डिकीत चटया आणि भांडी, मागच्या सीटवर बायको आणि झोपलेली मुले, म्हणून कढईला गोणपाटात गुंडाळून माझ्या शेजारच्या सीटवर बसवले. गाडी सुरू होताच पट्टा लावण्याची सूचना टुणटुणू लागली. कात्रजपर्यंत ती सहन करण्याची माझी तयारी होती, पण मुले जागी होऊ लागली, तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि कढईला पट्टा बांधला.